विहीणबाईंना शेरा नाही

ऑफिसात त्यांना चाळणीबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण पाठीमागे बोललेलं पुढे पोचायला ऑफिसात कितीसा वेळ लागतो? नाव ऐकून बाई चिडल्या नाहीत. उलट संध्याकाळी नवऱ्याला कौतुकानं सांगितलं, "चाळणीला भोकं असतात म्हणून हसतात मेले. पण खडा दाताखाली येत नाही तो कोणामुळे?"

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर तो गिऱ्हाइकांना भिंतीवरची बारीक अक्षरं वाचायला लावायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः बायकोच्या नजरेखाली बसायचा. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवलंय हे तिला दारातूनच दिसायचं. या बाईला चष्मा विकणं म्हणजे विहिरीत पाणी ओतणं आहे, असं तो म्हणायचा. तरी तिनं एक चष्मा घेतलाच होता, वाचण्यापेक्षा नाकावर खाली ओढून वरून बघण्यासाठी.

त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासणं. कंपनी दवाखान्यांसाठी पाट्या बनवायची. बाहेरच्या खोलीत पेशंट बसलेले असतात, भिंतीवरच्या पाटीवर नाव उमटतं, ज्याचं नाव तो उठून आत जातो. पाटीच्या पोटात एक छोटंसं यंत्र, त्यात सी भाषेत लिहिलेला प्रोग्राम, आणि मेमरी इतकी तुटपुंजी की जपून वापरावी लागे. बाई येण्याआधी एका दवाखान्यात मोठी गंमत झाली होती. यादीत नाव घालताना कोणीतरी नावाची प्रत काढलीच नव्हती, ते जिथं ठेवलंय तो पत्ता तेवढा टिपला होता, आणि त्याच पत्त्यावर पुढचं नाव लिहिलं जात होतं. त्यामुळे सगळ्या खोलीचं नाव शेवटी आलेल्या माणसाचं झालं. बाकीचे ताटकळत बसले आणि एकच गृहस्थ पुन्हा पुन्हा आत जात राहिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नेमकं होतंय तरी काय?" त्यानंतर कंपनीनं तपासायला वेगळं माणूस नेमलं, ते म्हणजे बाई.

त्यांची तपासायची एक रीत होती. लिहिणाऱ्याला शेजारी बसवायचं आणि त्याचा कोड एकेक ओळ मोठ्यानं, साध्या घरगुती बोलीत वाचायचा. वाचून होईपर्यंत लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. "तुम्ही दवाखान्यात पाटीशेजारी उभे राहणार आहात का समजावून सांगायला?" असं त्या विचारत. "नाही ना? मग आत्ताही सांगू नका." आणि मग सुरू. "इथं टेम्प टू नावाचं काहीतरी आहे. टेम्प वन कधी वारला?" "हे फंक्शन स्वयंपाक करतं, भांडी घासतं आणि जाता जाता रद्दीही विकतं. तिघांना वेगळं काढा." माणसं कान लाल करून बाहेर पडत, पाणी पिऊन येत, आणि दुरुस्ती करत. मात्र त्या चाळणीतून गेलेल्या कोडासाठी कोणाला दवाखान्याचा रागावलेला फोन आला नाही. म्हणून लोक कुरकुरत आणि रांगेत उभे राहत.

अशा बाईंच्या समोर एके सकाळी साहेबांनी नवीन माणूस आणून उभं केलं, आणि बाई अर्धा चहा टाकून उठल्या. बाईंच्याच मुलीच्या सासूबाई होत्या त्या.

विहीणबाई तरुणपणी सी लिहायच्या, उत्तम लिहायच्या. मग सासऱ्यांचं आजारपण, मुलाच्या परीक्षा, घरचं दुखणंखुपणं यात ते मागे पडलं ते पडलंच. मुलाचं लग्न झालं, घर रिकामं वाटायला लागलं, तेव्हा त्यांनी जुनी पुस्तकं काढली आणि सहा ठिकाणी अर्ज केले. पाच ठिकाणी त्यांच्या मुलापेक्षा लहान माणसांनी त्यांना नव्या भाषांची नावं विचारली आणि गोड हसून दार दाखवलं. इथं पाट्या सीवर चालायच्या, म्हणून साहेबांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. विहीण इथंच काम करते हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. "निवड झाली नसती तर उगाच बोभाटा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "तीन महिने झाले की ठेवायचं का नाही ते ठरवायचंय. मला त्यातलं कळत नाही. तुमच्या शेऱ्यांवरच ठरवणार आहे."

बाई जागेवर येऊन बसल्या. व्याह्यांकडच्या माणसांना एक शब्द वावगा बोलायचा नाही, हे त्यांनी मुलीच्या लग्नापासून पाळलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि दोन्ही घरांत वाकडा शब्द गेला नव्हता. मुलगी आठवड्याला फोन करायची. मागच्याच आठवड्यात म्हणाली होती, "आई, माझ्याकडून दूध उतू गेलं, पातेलं तळापासून करपलं. मी घासते म्हटलं, सकाळी उठून बघते तर लख्ख. सासूबाईंनी गुपचूप घासलं. मला एक शब्द बोलल्या नाहीत."

"नशीबवान आहेस," बाई म्हणाल्या होत्या. "अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळत नाही."

"हं," मुलगी म्हणाली होती. त्या हं मधलं काही बाईंना त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं.

पहिले दोन महिने विहीणबाईंनी जुनं वाचण्यात घालवले. मग त्यांच्याकडे पहिलं स्वतंत्र काम आलं. पेशंटांची यादी लागेल तशी वाढवणारं फंक्शन नव्यानं लिहायचं. नाव आलं की यादीत घालायचं, यादी भरली की मोठी जागा मागायची. विहीणबाईंनी ते लिहून रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला टाकलं आणि बाईंच्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या. हातात कोरा कागद आणि टोक केलेली पेन्सिल होती.

"बसू का?" त्यांनी विचारलं. "वाचताय ना?"

"अहो, वाचायचंय काय त्यात," बाई लगबगीनं म्हणाल्या. "तुमचं म्हणजे छानच असणार. तुम्ही चहा घ्या, मी बघून ठेवते."

विहीणबाई पेन्सिल कागदात गुंडाळून परत गेल्या.

बाईंनी कोड वाचला. हस्ताक्षर असतं तर सुवाच्य म्हणावं असा कोड. नावाची प्रत काढली होती, नावं साधी आणि खरी होती, उगाच हुशारी कुठेही नव्हती. यादी भरली की आधी क्षमतेचा, म्हणजे किती नावं मावतील त्याचा, आकडा दुप्पट करायचा, मग तेवढी जागा मागायची, आणि जो नवा पत्ता मिळेल तो जुन्या पत्त्यावर लिहायचा. इथं बाईंचा चष्मा नाकावरून खाली आला. जागा मिळाली तर ठीक. पण यंत्रानं नाही म्हटलं तर हातात रिकामं उत्तर येणार, आणि तेच जुन्या पत्त्यावर लिहिलं जाणार. मोठ्या घराचा होकार यायच्या आत राहत्या घराची किल्ली नदीत टाकण्यातला प्रकार. जुनी नावं मेमरीत तशीच पडून, आणि ती कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही.

जुनीच चूक होती ही. शंभरांतल्या नव्वदांकडून होते. दुसऱ्या कोणाची असती तर बाईंनी नदी, किल्ली, घरमालक सगळं नाटक उभं केलं असतं. आता मात्र त्यांनी कळफलकावर बोटं ठेवली आणि उचलली. ‘विहीणबाई, किल्ली’ एवढं लिहून पुसलं. मग ‘एक छोटीशी सूचना’ लिहून पुसलं. रविवारी दोन्ही घरांचं जेवण मुलीकडे ठरलं होतं. ताटावर बसून पोळी वाढून घेताना हा शेरा मधे बसलेला त्यांना दिसायला लागला.

शेवटी त्यांनी ‘छान’ असं लिहून कोड पास केला. चूक दिसत असताना, आयुष्यात पहिल्यांदा.

पण खडा दिसल्यावर तो डब्यात तसाच सोडणं हेही त्यांच्या रक्तात नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरी युक्ती केली. ती फाइल स्वतः उघडली, आणि ओळींच्या सुरुवातीच्या सगळ्या टॅब काढून तिथं साध्या मोकळ्या जागा घातल्या. बदललेली ओळ पडद्यावर जुनी लाल आणि नवी हिरवी दिसायची, त्यामुळे अख्खी फाइल लाल-हिरवी झाली. त्या गर्दीत त्यांनी तीन ओळींत खरी दुरुस्ती उरकली. उत्तर आधी वेगळं झेलायचं, रिकामं आलं तर परत फिरायचं, भरलेलं आलं तरच जुन्याच्या जागी ठेवायचं. वरखाली काही हलवलं नाही, कमीत कमी हात लावला. बदलावर टीप लिहिली, ‘मोकळ्या जागा नीट केल्या.’ सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून त्यांनी हात झटकले. विहीणबाईंचाही मान राहिला, पेशंटांचीही नावं राहिली.

समाधानाचा हा डबा घेऊन त्या साहेबांकडे गेल्या. साहेब पडद्याकडे बघत होते.

"बाई, हे काय? नुसतं ‘छान’?"

"छानच आहे."

"तुम्ही मागच्या महिन्यात माझ्या दोन ओळींच्या दुरुस्तीवर पानभर लिहिलंत. त्यात माझ्या अभ्यासाच्या सवयींचाही उल्लेख होता." साहेबांनी खुर्ची मागे ढकलली. "तुमचं नातं आहे हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. हा शेरा मी कुठल्या तोंडानं धरू? महिनाअखेर माझ्या हातात एवढंच असेल तर मला त्यांना नाही म्हणावं लागेल."

बाईंना आता उमगलं. मान ठेवायला गेलो आणि विहिणीची नोकरीच घालवायला निघालो. पाच ठिकाणी गोड हसून दार दाखवलेलं, आणि आता सहावं दार आपण, तेही छान म्हणून. त्या जागेवर परतल्या तर त्यांच्या मोकळ्या जागांच्या बदलावर लाल खूण आली होती. परत पाठवला होता. बाईंचा बदल आजपर्यंत कोणी परत पाठवला नव्हता.

ऑफिसचा नियम साधा होता. आपला बदल आपण पास करायचा नाही, अर्ध्या ओळीचा असला तरी दुसऱ्याची नजर फिरलीच पाहिजे. दुसरा कोण, ते पाळीनं ठरायचं. पाळी विहीणबाईंची होती. शेरा एका ओळीचा होता, ‘रिव्ह्यूच्या खोलीत या. वाचायचंय.’

छोट्या खोलीत विहीणबाई पडद्यासमोर बसल्या होत्या. कागद आणि पेन्सिल होतीच. त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली.

"विहीणबाई, मी सांगते," बाई म्हणाल्या.

"लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही," विहीणबाई म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पेन्सिल धरलेलं बोट पांढरं झालं होतं.

बाई बसल्या आणि त्यांनी तोंड मिटलं. हे किती अवघड असतं हे त्यांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"इथं एक सोय आहे," विहीणबाई वाचायच्या सुरात म्हणाल्या. "मोकळ्या जागेचे बदल लपवा. मी नवी आहे, म्हणून मी सगळ्या सोयी दाबून बघते. ही दाबली." त्यांनी दाबली. पडद्यावरचा सगळा लाल-हिरवा पसारा विरून गेला. फक्त तीन ओळी राहिल्या, अंगणात उघड्यावर सापडलेल्या चोरासारख्या. "तर मोकळ्या जागा नीट करताना या तीन ओळी सांडल्या. पहिली ओळ म्हणते, उत्तर वेगळं झेला. बरोबर आहे. माझी चूक होती, मोठी होती. मला कोणी सांगितली नाही."

बाईंनी मान खाली घातली.

"दुसरी ओळ म्हणते, रिकामं आलं तर परत फिरा. फार छान. आता वरची ओळ वाचू. ती तुम्ही हलवली नाहीत, कारण हलवली असती तर दिसली असती. तिथं क्षमता आधीच दुप्पट झालीय. जागा आठ नावांची, आकडा सोळाचा. जागा मिळाली नाही, तुम्ही परत फिरलात, आकडा मात्र सोळाच राहिला. आता पुढचा पेशंट येतो. यादी भरलीय का? आकडा म्हणतो, कुठे भरलीय, आठ जागा आहेत की. मग बसवा नवव्याला. कुठे? शेजाऱ्याच्या घरात."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, चष्मा खाली करून पाहिलं, वर करून पाहिलं. चूक होती. ढळढळीत होती.

"ती ओळ माझीच आहे, मला ठाऊक आहे," विहीणबाई म्हणाल्या. "पण माझ्या कोडात जागा मिळाली नाही तर सगळं तिथल्या तिथं बुडायचं, निदान दिसायचं. तुमच्या दुरुस्तीनंतर ते जिवंत राहून चुकायला लागलं. आता बोला."

"समोर बसून केलं असतं तर ही ओळ मी खाली घेतली असती," बाई म्हणाल्या. "लपूनछपून करायला गेले म्हणून राहिली."

"मग समोर बसून का नाही केलंत? सगळ्यांना कानउघडणी आणि मला चहा. मी दोन महिने पेन्सिलीला टोक करून बसलेय. माझा कोड कोणी मोठ्यानं वाचून वीस वर्षं झाली. तुम्ही ‘छान’ लिहिलंत आणि मला वाटलं, झालं, इथंही मी पाहुणीच." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना रागही आला होता. "चूक काढायच्याही लायकीची नाही का मी?"

"तसं नाही हो," बाई म्हणाल्या. "भीती वाटली. माझी लेक तुमच्या घरात आहे. शेरा इथं मारला आणि लागला तिथं, असं नको म्हणून. तुम्ही तिला इतकं जपता. करपलेलं पातेलं गुपचूप घासता, एक शब्द बोलत नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिनंच."

"खूश होऊन सांगितलं?"

फोनवरचं ते हं बाईंना आता, या खोलीत, स्पष्ट ऐकू आलं. लेक खूश नव्हती. त्या तिला नशीबवान म्हणून मोकळ्या झाल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता कळतंय. तुम्हाला माझ्या ‘छान’चं जे वाटलं, तेच तिला त्या लख्ख पातेल्याचं वाटलं असेल."

"मलाही भीतीच वाटते," विहीणबाई म्हणाल्या. "वाईट सासू व्हायची. आमच्याकडे लेकही नाही, नाहीतर लेकी बोले सुने लागे तरी करता आलं असतं." मग त्यांना आपलंच हसू आलं, आणि बाईंनाही आलं. दोघी डोळे पुसत हसत होत्या तेव्हा काचेबाहेरून जाणारा एक जण दचकला. चाळणीबाईंच्या रिव्ह्यूतून रडत बाहेर पडणारे पाहिले होते, चाळणीबाईच रडतात हे नवीन होतं.

मग त्यांनी कोड पहिल्यापासून वाचला. बाई वाचत होत्या आणि विहीणबाई तोंड मिटून टिपून घेत होत्या. किल्ली आली, नदी आली, घरमालकही आला. "सुरुवातीला क्षमता शून्य धरलीत तर शून्याची दुप्पट किती होईल, विहीणबाई?" बाईंनी विचारलं आणि विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. कागद दोन्ही बाजूंनी भरला. आकडा दुप्पट करायची ओळ शेवटी, जागा हातात आल्यावर, अशी खाली आली. विहीणबाई कान लाल करून बाहेर पडल्या, पाणी प्यायल्या, आणि दुरुस्तीला बसल्या. चालताना त्यांची मान मात्र ताठ होती.

बाईंनी आधीचं ‘छान’ मागे घेतलं, त्या जागी सगळे शेरे लिहिले आणि तो पसारा साहेबांसमोर ठेवला. त्यावर स्वतःचा परत आलेला बदलही ठेवला.

"हा कोणी परत पाठवला?" साहेबांनी विचारलं.

"त्यांनी. आणि बरोबर पाठवला. चूक मला दिसली नव्हती."

साहेबांनी तो दोनदा वाचला. "महिनाअखेरपर्यंत थांबायला नको," ते म्हणाले, आणि लगेच कार्मिक विभागाला फोन लावला.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. चष्मेवाला दुकान बंद करून नुकताच आला होता आणि बाई त्याच्या कॉलरवरचा डाग तपासत होत्या.

"आई," मुलगी म्हणाली, "आज मी सासूबाईंची बोलणी खाल्ली."

बाईंनी कॉलर सोडली. "कशावरून गं?"

"आधी पातेल्यावरून. म्हणाल्या, ते मागचं राहिलंय, म्हणून पहिलं ते. दूध ठेवून फोनवर बोलत बसतेस, पातेलं घासून माझे हात दुखले. मग ओल्या टॉवेलवरून. मग मी दिवे चालू ठेवते त्यावरून. उभं केलं आई मला, चांगला अर्धा तास."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुम्ही आमटीत मीठ कमी घालता आणि दोन वर्षं मी गुपचूप वरून घेतेय. तर म्हणाल्या, कार्टे, मग सांगायचं नाही का." मुलगी हसत होती आणि मधेच तिचा आवाज फाटला. "कार्टे म्हणाल्या आई मला. तू म्हणतेस ना, तसं."

फोन ठेवल्यावर बाईंनी चष्मा काढला आणि पदरानं काचा पुसायला घेतल्या. पुसल्या, पुन्हा पुसल्या.

"काच स्वच्छ आहे," नवरा म्हणाला. "डोळे पूस."